रखमाजी मिस्त्रींची दवाखान्याची गाडी

रखमाजी मिस्त्री माझ्याशी पहिलं वाक्य बोलले तेच भांडणाचं होतं. मी पौडच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायला आले, तेव्हा साठ साल उजाडायला तीन-चार वर्षं होती. सर्व्हिस मोटारीतून उतरले, ट्रंक खाली ठेवली आणि समोर झाडाखाली एक छपराची बैलगाडी उभी होती तिच्याकडे बोट दाखवून सहज विचारलं, "ही फिटन दवाखान्यापर्यंत येईल का?"

गाडीच्या चाकाशी एक उंच, वाळका माणूस बसला होता. चष्म्याची एक काडी गेलेली, तिच्या जागी सुतळी बांधून कानाला अडकवलेली. त्याने मान वर केली नाही.

"फिटन न्हाई ही. दमणी हाय."

"बरं, दमणी. येईल का?"

"यील. पण फिटन म्हनू नगा. फिटनला बैल लावत न्हाईत, घोडा लावत्यात. फिटन हे सायबाच्या पुरानातल्या सूर्याच्या पोराचं नाव हाय. बापाचा रथ हाकाय गेला आन् घोडं आवरलं न्हाईत त्याला. कोन इसरलं, कोन न्हाई, म्या इसरलो न्हाई."

मला वाटलं, वेडा दिसतोय. पण ट्रंक त्यानेच उचलली, गाडीत ठेवली आणि दवाखान्यापर्यंत आणून सोडली.

पुढे चार वर्षं हा माणूस माझ्या शेजारी राहिला. दवाखान्याच्या मागच्या आळीत त्यांचं घर आणि घरापुढच्या पडवीत कामाचा पसारा. नांगर, पाभर, गाडीची चाकं, लग्नाचे पाट, पाळणे, सगळं करायचे. पण खरी कमावलेली विद्या वेगळी होती. तरुणपणी पंधरा-वीस वर्षं त्यांनी पुण्याच्या लष्कर भागातल्या गाड्यांच्या कारखान्यात काम केलं होतं. आधी घोड्यांच्या गाड्या, मग त्याच कारखान्यात, त्याच पटाशीने मोटारींच्या लाकडी बॉड्या. तिथे मिंगेल नावाचा म्हातारा गोवेकर फोरमन होता. त्याला प्रत्येक गाडीच्या नावाची कुळकथा ठाऊक होती आणि कान धरून तो ती कारागिरांकडून पाठ करून घ्यायचा. इंग्रज गेले, पत्र्याच्या बॉड्या आयत्या येऊ लागल्या, कारखाना बसला. मिस्त्री गावी परत आले ते हत्यारांची पेटी आणि ही नावं घेऊन.

हत्यारांना ते जपायचे त्याहून नावांना जास्त जपायचे. कोणी मोटारीला नुसतं "डबडं" म्हटलं तरी रंधा खाली ठेवायचे. "कुटलं डबडं? कूपे का सलून? कूपे म्हंजी कापल्याली. मोठ्या गाडीची फुडली बैठक कापून टाकली, दोघांपुरती ठिवली, ती कूपे. कापल्याली दिसती का तुला ही?" ऐकणारा बिचारा विड्या घ्यायला निघालेला असायचा. पावसाळ्यात इरली पांघरून भात लावणाऱ्या बायका दिसल्या की मला दाखवून म्हणायचे, "ती बघा बाई, लिमोझिन चालली." फ्रान्सातल्या कुठल्याशा मुलखातले धनगर डोक्यावरून खोळ घ्यायचे, त्या खोळीवरून राजेरजवाड्यांच्या गाडीला ते नाव पडलं, असं मिंगेलने सांगितलेलं. "धनगराची खोळ ती. आन् आता तिच्यात बसून धनगरालाच वाटंतनं बाजूला हो म्हनत्यात." हे सांगताना ते हसायचे नाहीत. त्यांना त्यात गंमत वाटतच नसे, संताप येई.

त्यांची बायको पारूबाई म्हणायची, "ह्यांचं सकाळचं चूळ भरनं बी रागातच आसतं. तुमी मनावर घिऊ नगा." पण मी मनावर घेत गेले, कारण त्या रागाला नेहमी काहीतरी कारण असायचं.

एकदा बाजाराच्या दिवशी सर्व्हिस मोटारीच्या क्लीनरने एका कातकऱ्याला दारातूनच मागे ढकललं. म्हातारा माणूस, खांद्यावर टोपल्यांची चळत, तिकिटाचे पैसे मुठीत. क्लीनर म्हणाला, "टपावर बी जागा न्हाई तुझ्यासाठी." मिस्त्री पलीकडे चहा पीत होते. कप ठेवून आले आणि मोटारीच्या नाकासमोर उभे राहिले.

"हिला काय म्हनत्यात?"

ड्रायव्हर म्हणाला, "बाजूला व्हा मिस्त्री, उशीर व्हतोय."

"हिला काय म्हनत्यात त्ये सांग, मग जा."

"बस म्हनत्यात. आन् काय?"

"बसचा अर्थ ठावं हाय? सगळ्यांसाठी. पुरा सबूद ऑम्निबस हाय, त्याचं शेपूट तेवढं ऱ्हायलं. सगळ्यांसाठी. ह्यो त्या सगळ्यात येतो का न्हाई? येत नसंल तर पाटीवरचं नाव खोड आन् दुसरं घाल."

अर्धा तास मोटार तिथेच. शेवटी आतल्याच लोकांनी कंटाळून जागा करून दिली. म्हातारा चढला. मिस्त्रींनी चहाचे पैसे दिले आणि घरी गेले. मला तेव्हा हा माणूस आवडायला लागला.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना माझा आवाज अजूनही चढतो. घरातली माणसं म्हणतात, झालं ते झालं, आता कशाला. मी तरी सांगतेच.

पौडहून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात रोगी न्यायचा तर दिवसातून दोनदा जाणाऱ्या मोटारीशिवाय सोय नव्हती. आमच्याकडे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायचे. अडलेली बाळंतीण आली की मी रस्त्यावर उभी राहून लॉरी थांबवायची. मी गावातल्या प्रत्येक सभेत हे सांगत होते. एका वर्षी शाळेच्या पटांगणात असाच कार्यक्रम होता आणि तिथे भाऊसाहेबांनी उभं राहून जाहीर केलं की त्यांची जुनी मोटार ते दवाखान्याला देत आहेत.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे जमीनदार. कोळवणच्या खोऱ्यात भातशेती, गावाबाहेर बंगला. एका गोऱ्या साहेबाने देश सोडताना विकलेली शिकारीची मोटार, शूटिंग ब्रेक, त्यांच्या गोठ्याशेजारी पडून होती. इंजिन धड होतं, वरची लाकडी बॉडी वाळवीने खाल्लेली. टाळ्या झाल्या, हार झाला, नारळ फुटला. मिस्त्रींनी सभेतच विचारलं, "कागद करनार न्हवं?" भाऊसाहेब हसले. "मिस्त्री, माझा शब्द म्हणजेच कागद." लोक पुन्हा टाळ्या वाजवू लागले आणि मिस्त्री खाली बसले. ते इतक्या लवकर खाली बसले त्याचा त्यांना पुढे सगळ्यात जास्त राग होता.

गाडी त्यांच्या पडवीपुढे ओढत आणली. सडकी बॉडी त्यांनी दोन दिवसांत उतरवली, मला बोलावलं आणि नुसत्या सांगाड्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई, आता ही खरी ब्रेक झाली. नवा घोडा गाडीला लावायचा तर आदी त्याची मस्ती मोडावी लागती. त्यासाठी आसा उघडा सांगाडा आसायचा, बिनघराचा. त्याला ब्रेक म्हनायचं. मग त्याच्यावर फळ्या टाकून सायब लोक शिकारीला जाया लागलं. मग घर चढलं. नाव त्येच ऱ्हायलं."

लाकूड गावाने दिलं. कुणी जुन्या दाराच्या सागवानी फळ्या, कुणी माळ्यावरची तुळई. वरच्या वाड्यांतल्या लोकांनी ऐनाचे वासे खांद्यावरून आणून टाकले. मिस्त्रींनी चार महिने मजुरी घेतली नाही. एके दिवशी माझ्याकडे येऊन दारातच उभे राहिले, खाली बघत म्हणाले, "एक इचारायचं व्हतं. पोटुशी बाई गाडीत कशी निजती? पाठीवर का कुशीवर?" मी सांगितलं, कुशीवर. त्यांनी खाटेची रुंदी वीतभर वाढवली. खाट रुळांवरून आत सरकायची, मागचं दार खाली पडायचं, उशाशी माझ्यासाठी एक छोटं बाक होतं आणि त्याला हाताशी धरायला कडी होती. भाऊसाहेबांनी वडिलांचं नाव बाजूला रंगवायला सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "रंग संपला." तिला नाव लोकांनीच दिलं. दवाखान्याची गाडी.

पाच-सहा महिने गाडी नीट चालली. भाऊसाहेबांचा ड्रायव्हर गणपत ती चालवायचा आणि बंगल्यावरच ठेवायचा. सर्पदंशाचा एक गडी, गव्हाणीत अडकून हात मोडलेली एक मुलगी, दोन बाळंतिणी, असे माझ्या समोर वाचले. मग हळूहळू निरोप येऊ लागले. आज गाडीला काम आहे. आज पाहुणे आहेत. आज टायर गेलंय. मी तक्रार केली तर भाऊसाहेब गोड बोलायचे. मिस्त्री मला म्हणाले, "नाव बदलायला लागलं बाई तिचं. आन् आपन दोगंबी बघत बसलोय."

कोळवणच्या वरच्या अंगाला एका वाडीत सोनी म्हणून बाई होती. दुसरी खेप. सकाळी तिच्या नवऱ्याने, लखमाने, आणि तिघा गड्यांनी तिला घोंगडीच्या झोळीतून दवाखान्यात आणलं. मी तपासलं. मूल आडवं होतं, हात बाहेर आला होता. माझ्याकडून होण्यासारखं काही नव्हतं. पुण्याला नेऊन पोट उघडण्याखेरीज इलाज नव्हता. डॉक्टरांचा दिवस नव्हता. सकाळची मोटार गेलेली, पुढची संध्याकाळी. मिस्त्री धावत बंगल्यावर गेले आणि तसेच परत आले. गाडी पहाटेच पाहुण्यांना घेऊन ताम्हिणीकडे शिकारीला गेली होती.

थांबण्यात अर्थ नव्हता. दवाखान्याची खाट उचलली, चौघांनी खांदे दिले, पाचवे मिस्त्री. मी बाजूने चालत होते. वाटेत लॉरी भेटेल या आशेवर पुण्याच्या रस्त्याला लागलो. सोनी शुद्धीवर होती. ती एकदाच बोलली. लखमाला म्हणाली, "शेरडं बांदली न्हाईत."

मैलभर गेलो असू, मागून हॉर्न वाजला. वळून पाहिलं तर आमचीच गाडी. ताम्हिणीहून परत येऊन पाहुण्यांना पुण्याला सोडायला निघालेली. मी देवाचं नाव घेतलं. खाट खाली ठेवली आणि मिस्त्री रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले.

गणपतने गाडी थांबवली. पुढे भाऊसाहेब आणि एक पाहुणे, उशाच्या बाकावर आणि खाली मिळून आणखी तिघं. मागे खाटेवर एक भेकर आणि एक रानडुक्कर. रक्त खाटेच्या पट्ट्यांवरून रुळावर ओघळलेलं.

मिस्त्री म्हणाले, "पाव्हन्यांना उतरवा."

भाऊसाहेब म्हणाले, "काय झालंय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तासांचा हिशोब सांगितला. पाहुणे माझ्याकडे बघत नव्हते. एकाने खिडकीतून थर्मास पुढे केला, चहा हवा का म्हणून.

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, ह्यांना साडेतीनची आगगाडी गाठायची आहे. मोठी माणसं आहेत, रस्त्यात कशी उतरवू? स्टेशनवर सोडतो आणि लगेच गाडी परत पाठवतो. तासा-दोन तासांचा प्रश्न."

"ही दवाखान्याची गाडी हाय," मिस्त्री म्हणाले.

"कोण म्हणतं? मिस्त्री, गाडीचे सरकारी कागद काढून बघा. बॉडीच्या रकान्यात शूटिंग ब्रेक लिहिलंय. खासगी. शिकारीची गाडी आहे ही आणि शिकारीलाच गेली होती. मी मोठेपणाने वापरू देतो, त्याचा असा फायदा घेऊ नका."

मिस्त्री हलले नाहीत. तेव्हा भाऊसाहेबांनी गणपतला हाताने खूण केली. गणपतने गाडी रस्त्याखाली घातली, आमच्या खाटेला वळसा घालून पुढे नेली. धुरळा सोनीच्या तोंडावर बसला. लखमाने तो धोतराच्या सोग्याने पुसला.

पिरंगुटच्या अलीकडे सोनीने जीव सोडला. गाडी खरंच परत आली, त्यांनी शब्द पाळला. ऊन उतरलं होतं. गणपत आमच्यापाशी थांबला, उतरला आणि गाडीला डोकं टेकून रडू लागला. मिस्त्रींनी सोनीला त्या गाडीत ठेवू दिलं नाही. तिला तसंच खांद्यावरून परत नेलं, थेट वाडीपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन बंगल्यावर गेले. मला कोणीतरी सांगायला आलं आणि मी गेले. गाडी अंगणात उभी होती. मिस्त्री एकेक बोल्ट सोडवत होते. घाई नव्हती, आदळआपट नव्हती. काच काढली की फडक्यात गुंडाळून ठेवत होते. भाऊसाहेब बाहेर आले.

"काय चाललंय हे?"

"आमचं काडून नेतोय. तुमचं तुमाला ठिवतोय."

"पोलीस बोलवीन."

"बोलवा."

दुपारपर्यंत गावातली माणसं जमली. कोणी बोलावलं नव्हतं. आठ जणांनी बॉडी उचलून बैलगाडीवर ठेवली आणि दवाखान्याच्या आवारात आणली. अंगणात उरला नुसता सांगाडा आणि चार चाकं.

फौजदार आले. पंचनाम्यात त्यांनी लिहिलं, गाडीची मोडतोड केली. मिस्त्रींनी अंगठा द्यायला नकार दिला. "मोडली न्हाई, उतरवली. एक काच फुटली आसंल तर दावा." फौजदार भला माणूस होता, पण तो शब्द त्याने बदलला नाही.

खटला उभा राहिला. मिस्त्रींनी वकील दिला नाही. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सायब, कागदावर ब्रेक लिवलंय त्ये बरोबर हाय. ब्रेक म्हंजी घोडा मोडायचा उघडा सांगाडा. त्यो म्या त्यांच्याच अंगनात ठिवलाय. वरचं घर गावानं दिल्याल्या लाकडाचं हाय, त्याचं नाव त्यांच्या कागदावर न्हाई. जे कागदात हाय त्ये त्यांचं. जे न्हाई त्ये आमचं." कोर्टात हशा झाला. न्यायाधीशही हसले. मिस्त्री गंभीर उभे होते. त्यांना वाटत होतं की ते कायद्याचं बोलत आहेत, आणि मला आजही वाटतं की ते कायद्याचंच बोलत होते.

मग साक्षीला मी. आदल्या आठवड्यात वरून सांगणं आलं होतं, सरकारी नोकरीत आहात, मोजकं बोला. घरी दोन लहान भाऊ माझ्या पगारावर शिकत होते. मला विचारलं गेलं, त्या वेळी गाडी मिळाली असती तर ती बाई वाचली असती का?

मी म्हणाले, "खात्रीनं सांगता येत नाही."

हे खोटं नव्हतं. कुठलीही नर्स खात्रीने सांगू शकत नाही. पण मला तिथे जे सांगायचं होतं ते हे नव्हतं. तिला संधी होती, ती रस्त्यावर अडवून काढून घेतली गेली, हे मला सांगायचं होतं. ते न सांगताच मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरले. भाऊसाहेबांवरचा माझा राग लोकांना समजतो. त्या एका वाक्याबद्दल माझ्यावर जो राग आहे तो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

मिस्त्रींना दंड झाला, नाही भरला तर पंधरा दिवस कैद. गाव दंड भरायला तयार होतं. ते म्हणाले, "दंड भरला म्हंजी मोडली आसं व्हतं," आणि आत गेले. बॉडी मुद्देमाल म्हणून जप्त झाली. ती कुणाची याचा वरच्या कोर्टात निकाल लागेपर्यंत ती एका सरकारी आवारात उघड्यावर पडली. भाऊसाहेबांनी सांगाड्यावर पत्र्याची नवी बॉडी चढवली. दोन पावसाळ्यांनी मिस्त्रींच्या कामाचा भुगा केला. सागवान टिकलं, सांधे सुटले. रूळ कोणीतरी उपटून नेले. आत कोंबड्या अंडी घालायच्या. मिस्त्री त्या रस्त्याने जायचे, पण तिकडे बघायचे नाहीत.

माझ्या साक्षीबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. दुसरं कोणीही असं वागलं असतं तर त्यांनी त्याला गावाच्या चौकात सोलून काढलं असतं. मला मात्र पूर्वीसारखंच "बाई" म्हणायचे, माझ्या खिडकीचं बिजागर सैल झालं तर न सांगता बसवून जायचे. मला वाटायचं, एकदा तरी ओरडावं माझ्यावर.

माझी बदली झाली. निघायच्या दिवशी ते स्टँडवर आले नाहीत. पारूबाई भाकरी बांधून घेऊन आली. "सकाळीच कुटं वाडीकडं गेल्यात," एवढंच म्हणाली. मला वाटलं, शेवटी राग धरलाच. नवीन नर्स अजून आली नव्हती, दवाखान्याला मी स्वतः कुलूप लावून किल्ली शिपायाकडे दिली होती.

बस सुटली. गावाबाहेरच्या अरुंद पुलावर समोरून पाच-सहा माणसं येत होती, म्हणून ड्रायव्हरने वेग कमी केला. खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडीची झोळी, झोळीतून एका म्हाताऱ्याचा पाय बाहेर लोंबत होता, गुडघ्याखाली काळा पडलेला. पुढचा बांबू मिस्त्रींच्या खांद्यावर. साठी उलटलेला माणूस, मानेच्या शिरा ताठ. ते माझ्या कुलूप लावलेल्या दवाखान्याकडे चालले होते.

मी उठून उभी राहिले. कंडक्टरने विचारलं, "काय झालं बाई, काही राहिलं का?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. खिडकीत मी दिसले. त्यांनी हाक मारली नाही, काही मागितलं नाही. बांबू एका हाताने सावरला आणि दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला जोरात खूण केली, जा, फुडं घे, वाट आडवू नगं. बस पुढे गेली. मी अजून उभीच होते.